उत्तर सगळ्यांना

कुणाच्या तरी हाताला आंबलेल्या खळीचा वास येत होता, ते हात एका लहान पोरीच्या तोंडात घास घालत होते, आणि ते बघून कुणाला तरी मळमळत होतं. मालकीणबाईंनी फोनवर एवढं वाचलं आणि त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की कोण बाई ही गलिच्छ, हिला हात धुवायला पाणी मिळत नाही का. त्यांना वाचायला वेळ लागे. दुसरीतून शाळा सुटली तेव्हापासून अक्षरं त्यांच्याकडे पाहुण्यांसारखी येत, एकेक करून, दार वाजवून. ओठ हलत, बोट ओळीखाली सरकत जाई, आणि नवा शब्द आत आला की मागचा बाहेर गेलेला असे. म्हणून कुणी लिहिलंय ते बघायचं राहिलं होतं. ते शेवटी बघितलं. लिहिणारी त्यांची सून होती. भरवून घेणारी पोर म्हणजे टिटवी, त्यांची नात. किंचाळायची म्हणून तिला सगळे टिटवीच म्हणत. म्हणजे हात त्यांचे स्वतःचे. त्यांनी उजवा हात नाकाशी नेला. नेण्याआधी कारखान्यात कुणी बघत नाही ना म्हणून मान वळवली, आणि आपण मान वळवली ह्याचाच त्यांना संताप आला. हाताला कसलाच वास नव्हता. म्हणजे जो होता तो हाताचाच वास होता, लग्न होऊन ह्या घरात आल्यापासूनचा. स्वतःच्या जिभेची चव माणसाला कळत नाही, तसा.

दुपारचं काम चालू होतं. कापायच्या यंत्राची पाती पुठ्ठ्यात उतरत होती, पलीकडे दोघी बायका केकची खोकी घड्या घालून रचत होत्या, आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर पातेल्यात खळ रटरटत होती. बाकीच्या कारखान्यांत पिंपातला तयार डिंक वापरत. बाईंनी तो कधी आत येऊ दिला नाही. खाण्याच्या वस्तूंचं खोकं, त्याला औषधाचा वास कसा चालेल? आतला पांढरा कागद पिठाच्या खळीनंच चिकटवायचा, चिमूटभर तुरटी टाकून, आणि खळ त्यांनी स्वतः शिजवायची. त्यांच्या खोक्याला वास येत नाही ही त्यांची मिजास होती. गिऱ्हाइकासमोर खोकं उघडून त्या म्हणत, घाला नाक, घाला आत. आता त्यांची नजर पातेल्याकडे गेली. वर एक जाड साय आली होती. मधूनच ती साय फुगे, फुटे, आणि फुटताना ओला आवाज करी, ओठ चाटल्यासारखा. कडेला कालची खळ सुकून नखासारखी पिवळी झाली होती. रोज बघितलेली गोष्ट. पण आज ती सुनेच्या डोळ्यांनी दिसली आणि त्यांच्या घशाशी काहीतरी आंबट आलं. त्यांनी ते गिळलं. "मालकीणबाई, खळ करपतेय," घड्या घालणारी एक बाई म्हणाली. "करपू दे," त्या म्हणाल्या. दोघी बायकांनी एकमेकींकडे बघितलं. बाईंच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं.

फोनवर जे आलं होतं ते बैठकीवर आलं होतं, म्हणजे सगळ्या कुटुंबाला. बैठक म्हणजे घराचा मिळून एक मेलचा पत्ता. त्यावर एकानं लिहिलं की थोरल्यांच्या घरी, धाकट्यांच्या घरी, सुना, जावई, लांब नोकरीला गेलेली पोरं, सगळ्यांना जायचं. मेलच का, तर धाकटे दीर फोनवरच्या ग्रुपात यायला तयार नव्हते. तिथं लोक सकाळी फुलांची चित्रं पाठवतात म्हणाले. बैठक बांधून दिली एका पुतण्यानं. तो त्यांच्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसून विचारत होता ते त्यांना आत्ता शब्दाशब्दानं आठवलं. "काकू, आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं बटण दाबलं की उत्तर कुणाला जावं? लिहिणाऱ्याला एकट्याला, की सगळ्यांना?" "सगळ्यांना." "बैठकीवरच्या पत्राचं ठीक आहे. पण घरातल्या कुणी कुणाला एकट्याला लिहिलं, आणि त्यानं उत्तर दिलं, तर?" "तरी सगळ्यांना." "अहो, घोटाळा होईल. एखाद्याचं खाजगी काही असतं." "खाजगी मोरीत असतं. बोलायचं ते चारचौघांत बोला, नाहीतर गिळा." "कुणीतरी चुकेल, काकू." "चुकेल तो शिकेल." पोरगा हसला आणि प्रत्येकाच्या पत्त्याला त्यानं तशी गाठ मारून ठेवली. त्यांना त्या दिवशी फार समाधान वाटलं होतं. आपण घरातली सगळी दारं बिजागरीसकट काढून टाकली असं वाटलं होतं.

कारण दाराआडच्या बोलण्याइतकी किळस त्यांना उकिरड्याचीही आली नव्हती. नव्या नवरीपणी त्या खळीची बादली घेऊन मागच्या खोलीत शिरत, आणि सासू नि थोरल्या जाऊबाई डोक्याला डोकं लावून बसलेल्या असत. ह्यांची चाहूल लागली की कुजबुज तुटे. तुटलेल्या कुजबुजीचं टोक हवेत लोंबत राही. जाऊबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यांत पांढरी थुंकी साचलेली असे, आणि त्या ती जिभेनं टिपून घेत विचारत, "काय गं, दमलीस का?" ते मधाळ 'दमलीस का' अंगावरून झुरळ गेल्यासारखं जाई. तोंडावर शिवी द्या, थोबाडात मारा, पण कानातून कानात वळवळणारं ते नको. सत्ता हातात आली तशी त्यांनी पहिली गोष्ट हीच केली. कारखान्यात कुणाला बोलायचं तर यंत्राच्या आवाजावरून ऐकू जाईल असं. हिशेब चुकला तर मोठ्यानं, कौतुक करायचं तर मोठ्यानं. लोक म्हणायचे, बाईंची जीभ कात्रीसारखी आहे. असू दे, त्या म्हणायच्या, कात्री समोरून चालते.

फोन हातात थरथरला. एकदा, मग पुन्हा, मग मोहोळ उठल्यासारखा. धाकट्या दिरांचं आलं. त्यांनी जन्मभर कचेरीत टिपणं लिहिली होती. "सर्वांस नम्र विनंती. वैयक्तिक स्वरूपाचा मजकूर बैठकीवर पाठवू नये. संबंधितांनी परस्पर बोलून घ्यावे." हे त्यांनी सगळ्यांना पाठवलं होतं, आणि खाली, शेपटाला शेण लागून राहावं तसं, सुनेचं वाक्य जसंच्या तसं लागून आलं होतं. ज्यांनी पहिलं वाचलं नव्हतं त्यांनी आता वाचलं. मग एका पुतणसुनेचं आलं: "सहमत." कशाशी सहमत, बाईंच्या मनात आलं, वासाशी? खाली पुन्हा तेच वाक्य. मग एका जावयाचं: काय झालं, मला पहिलं पत्र मिळालं नाही; आणि कुण्या दयाळू माणसानं त्याला ते पुन्हा पाठवलं, सगळ्यांमार्फत. मग कुणीतरी: कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नका. तेही सगळ्यांना. प्रत्येकाच्या खाली तेच हात, तीच खळ, तीच मळमळ. जेवणाच्या ताटात केस निघाला तर माणूस गुपचूप काढून टाकतो. ही माणसं तो केस चिमटीत धरून पंगतीभर फिरवत होती, एकमेकांना सांगत होती, बघू नका हं, केस आहे. बाईंनी फोन पालथा घातला. पाठीवर त्यांच्याच बोटांचे चिकट ठसे होते, सुकलेल्या खळीचे, एकावर एक. त्यांनी ते पदरानं पुसले. ते गेले नाहीत, पसरले.

आणि मग दुसऱ्या जातीची पत्रं यायला लागली, फक्त त्यांच्या एकट्यांच्या नावानं. त्यांना आधी कळेना की ही एकट्यांना कशी आली. मग कळलं, आणि त्या पुठ्ठ्याच्या थप्पीवर बसल्या. ह्या घराला युक्ती ठाऊक होती. आलेल्या पत्राला उत्तराचं बटण दाबायचंच नाही. कोरं पत्र काढायचं, एकाच माणसाचा पत्ता हातानं घालायचा, की झालं. सगळ्यांना ठाऊक होतं. गेली किती वर्षं त्यांनी काढलेल्या दारांच्या जागी लोक पडदे लावून बसले होते, आणि बाई आपल्या मोकळ्या घरात मोठ्या आवाजात बोलत फिरत होत्या. एकटी सून घाईत बटण दाबून बसली.

थोरल्या जाऊबाईंचं पत्र लांब होतं. "फार वाईट वाटलं गं. रडूच आलं. तुझ्या कष्टांची हिला काय किंमत? हिचे हात कधी खळीत गेले का? मी तर लग्नाच्या वेळीच म्हटलं होतं. आता मऊ पडू नकोस. जाते म्हणाली तर जाऊ दे. हे आपल्या दोघींत." दोघींत! बाईंच्या कानाला गरम ओला श्वास लागला. इतक्या वर्षांनी, इतक्या मैलांवरून, त्या ओठांच्या कोपऱ्यांतली थुंकी काचेवर येऊन साचली होती. सुनेच्या वाक्यानं त्यांना जखम झाली होती. ह्या पत्रानं त्या जखमेवर कुणीतरी जीभ फिरवल्यासारखं झालं. एक क्षण त्यांना असंही वाटलं की वास येतो म्हणणारी बरी. वास येतो म्हणजे निदान नाक तरी दूर असतं.

लेकीचा फोन आला तेव्हा त्या मोरीत हात घासत होत्या. दगडानं घासत होत्या, पुठ्ठ्याच्या धुळीनं भरलेल्या त्या जुन्या दगडानं, आणि बोटांची पेरं लाल झाली होती. फोन खांदा आणि कान ह्यांच्यात धरून त्यांनी पाणी चालू ठेवलं.

"आई, तू काही लिहू नकोस हं बैठकीवर."

"का?"

"तमाशा होईल. मी तुझ्या पुतण्याशी बोलते. तो काढून टाकेल ते."

"लोकांच्या डोक्यातनं काढणार आहे का?"

"तुझं आपलं काहीतरीच. आणि तिला तरी काय झालं असं लिहायला, कोण जाणे. मी काही विचारलंसुद्धा नव्हतं तिला."

"मी कुठं म्हटलं तू विचारलंस?"

पलीकडे लेक गप्प झाली. ती गप्प झाली की लहानपणीही गाल आतून चावत असे. "तू जेवलीस का?" तिनं विचारलं.

"पोट भरलंय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. पाणी वाहत राहिलं. मी काही विचारलं नव्हतं, हे तिनं न विचारता सांगितलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवावं कुणी, तर निदान लपवता तरी यावं. त्यांनी ओले हात पुसले, फोन उचलला, आणि सुनेचं पत्र, जे त्यांनी मळमळीपाशी सोडलं होतं, ते पुढं वाचायला घेतलं. पुढं होतंच. त्या घराण्याभरच्या सहमतवाल्यांपैकी एकानंही पुढं वाचलं नसेल. वास आला की माणसं नाक धरतात, कशाचा आहे ते बघत नाहीत. "ताई, तुम्ही खोदून विचारलंत म्हणून सांगितलं," सुनेनं लिहिलं होतं. "पण हे त्यांना सांगू नका. टिटवी माझ्या हातचं खात नाही. त्यांच्याच हातचं खाते आणि तशीच मांडीवर झोपते. मला तो वास सहन होत नाही की हे सहन होत नाही, ते माझं मलाच कळत नाही." बोट खाली सरकलं. त्याच्याखाली, बारीक अक्षरांत, ज्या पत्राला हे उत्तर होतं ते पत्र आपोआप चिकटून आलं होतं. लेकीचं. "अगं, फोटो पाहिला. आई अजून त्याच हातानं भरवते? तुला चालतं? मला लहानपणी तो वास सोसायचा नाही. घास गालात धरून ठेवायचे आणि मागच्या दारी जाऊन थुंकायचे. तिला कधी कळलं नाही. तू स्पष्ट सांगून टाक. मी तुझ्या बाजूनं आहे. फक्त माझं नाव घेऊ नकोस."

बाईंनी ते दोनदा वाचलं नाही. एकदा वाचायलाच इतका वेळ लागला होता की प्रत्येक शब्द आपापल्या जागी रुतून बसला होता. मागच्या दारी. तेव्हा मागच्या दारी नळ होता, त्याच्यापाशी शेवाळलेली फरशी, आणि एक मांजर. त्या वर्षी ते मांजर लठ्ठ झालं होतं. सगळे हसायचे, ह्या घरात पोरांपेक्षा मांजर अंगाला लागलं. आणि बाई स्वतः यंत्रांच्या मध्ये मांडी घालून, एका हातानं खोकं दाबून धरत, दुसऱ्या हातानं लेकीला घास भरवत, चाव गं, नीट चाव, आणि ती मोठे डोळे करून, गाल फुगवून, मान हलवत उठून जायची. माझी पोर एका घासाला नाही म्हणत नाही, असं त्या मोठ्यानं सगळ्यांना सांगत. मोठ्यानं! त्यांना आत्ता पोरीच्या गालातला तो घास दिसला, कोमट, लाळेनं मऊ झालेला, दातांच्या मागं लपवलेला. त्यांच्या बोटांची चव लागलेला. तो गिळायचा नाही म्हणून जीभ मागं ओढून धरलेली. आणि ते तोंड मिटलेलं, हसरं. त्या मोरीवर वाकल्या. काही पडलं नाही, नुसती आंबट लाळ आली, लांब तार होऊन लोंबली, तुटेना. सुनेचा राग शोधायला गेल्या तर तो जागेवर नव्हता. सून निदान मळमळते आणि मळमळतं म्हणते. आपल्या पोटची पोर मात्र अख्खं लहानपण तोंडात धरून बसली, आणि बाहेर नेऊन थुंकली.

मुलाचा फोन त्यानंतर आला. तो गाडी घेऊन माल पोचवायला गेला होता. मागून भोंगे ऐकू येत होते.

"आई, ती बॅग भरतेय. टिटवीला घेऊन माहेरी जाते म्हणते. सगळ्या घरादाराला तोंड कसं दाखवू म्हणते."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, आई काय म्हणते ते बघू."

"शाबास. तुला जन्माला घातलं तेव्हा कणा घालायचा राहिला वाटतं. ठेव फोन, समोर बघून चालव."

कारखान्यावरच्या घराचा जिना त्या रोज चढत, पण आज कठड्याला हात लावावा की नाही ह्याचा विचार पडला. ह्या कठड्यालाही वास लागला असेल. दारांच्या मुठी, दिव्याची बटणं, पोरीची बाहुली. सगळ्या घरावर त्यांच्या बोटांचा एक पातळ थर असेल, गोगलगाय गेल्यावर राहतो तसा, आणि सून सकाळी उठून त्याच्यातनं चालत असेल. आणि टिटवी गेली तर? ते किंचाळणं, उघडलेलं तोंड, चार पुढचे दात. वरची खोली त्यांना एकदम धुतलेली दिसली, स्वच्छ, बिनवासाची, आणि इतकी रिकामी की त्यांनी कठडा घट्ट धरला.

सून पलंगावर बसली होती. शेजारी बॅग, चेन अर्धी लागलेली, टिटवीचा एक मोजा त्यात अडकलेला. टिटवी पलीकडे पालथी झोपली होती. सून उठली, डोळे सुजून लहान झालेले. "आई, मी—"

"थांब. रडायचं राहिलं असेल तर आधी रडून घे. मला लिहून घ्यायचंय."

रोज संध्याकाळी बाईंची पत्रं सूनच लिही. त्या सांगत, ती बोटं चालवी. तिनं सवयीनं फोन घेतला, सवयीनं विचारलं, "एकट्याला की सगळ्यांना?" आणि विचारल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला.

"सगळ्यांना," बाई म्हणाल्या. "लिही. माझ्या हाताला आंबलेल्या खळीचा वास येतो हे खरं आहे."

सुनेची बोटं थांबली. "नका ना लिहू असं."

"का? खोटं आहे?"

सुनेनं मान फिरवली.

"तोंड माझ्याकडे कर. खोटं आहे का गं?"

"नाही," सून म्हणाली. दिवसभरातला तो एकच शब्द बाईंना स्वच्छ वाटला. लागला, पण धुतलेल्या सुरीसारखा लागला.

"हां. पुढं लिही. त्या वासावर ह्या घरातल्या सगळ्यांची शिक्षणं झाली, धाकट्या भावजींच्या चष्म्यासकट. ज्याला वास सोसत नसेल त्यानं दोन हात लांब बसावं. सुनेनं जे लिहिलं ते मी पूर्ण वाचलंय, तुम्ही वाचलेलं नाही. ह्या पत्राला कुणी सहमत म्हणून कळवू नये." सुनेच्या नाकातून हसल्यासारखा, रडल्यासारखा एक आवाज निघाला. "पाठव." तिनं पाठवलं. बाईंनी फोन तिच्या हातातच राहू दिला. "आता हे जाऊबाईंचं वाच. मनात."

सून वाचत गेली तसे तिचे कान लाल झाले. 'जाऊ दे' ह्या शब्दांपाशी ती थांबली असावी, कारण तिनं बॅगेकडे बघितलं. मग तिचा अंगठा उत्तराच्या बटणावर गेला आणि तिथं, न टेकता, थांबला. "उत्तर देऊ?" तिनं हळूच विचारलं. एकदा दाबलं की हे दोघींतलं सगळं सगळ्यांच्या घरी पोचणार होतं, मधासकट, थुंकीसकट. बाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. खरोखर सुटलं, जिभेखालून, आंबट, आणि त्या पाण्याचीच त्यांना शिसारी आली. केस चिमटीत धरून पंगतीत फिरणारी आणखी एक.

"नको. कोरं काढ. तिच्या एकटीचा पत्ता घाल. लिही: पोचलं."

"एवढंच?"

"एवढंच. आता महिनाभर तिला पाणी गोड लागायचं नाही."

"आणि ताईंना?" सुनेनं मान खाली घालून विचारलं. "त्यांनीच मला—"

"तिचं नाव घेऊ नकोस, असं तिनंच लिहिलंय ना?" बाई खिडकीकडे बघत राहिल्या. खाली गाडीत पुठ्ठा चढवत होते. लेकीला काय लिहायचं? सगळ्यांना लिहिता येत होतं, जावेला लिहिता येत होतं. पण थुंकलेला घास कुणाच्या तोंडात परत घालतात? "तिला काही नाही," त्या म्हणाल्या. मग बॅगेला पायानं जरा ढकलून म्हणाल्या, "हे बघ. जायचं असेल तर जा, मी आडवी पडणार नाही. पण लाजेनं जाऊ नकोस. मळमळतं म्हणून जा. ते मला कळेल."

 तेवढ्यात टिटवी उठली. उठली ती भुकेनंच, आणि नेहमीसारखी किंचाळली. सुनेनं आतून दूधभाताची वाटी आणली, चमचा आणला. टिटवीनं चमचा बघितला, तोंड घट्ट मिटलं, आणि पलंगावरून घसरत येऊन आजीच्या मांडीत शिरली. मान वर करून तोंड उघडलं. बाईंनी बोटं वाटीत घातली, आणि हात वर येईना. लाल झालेली पेरं, नखांच्या कडेला पिवळट रेघ, त्यावर भात. त्यांच्या नाकाला तो वास आला, आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्याच्या हाताचा यावा तसा: आंबट, जुना, ओल्या पिठाचा. हा वास ह्या उघड्या तोंडात घालायचा? त्यांना स्वतःचीच किळस आली, अशी की हात मनगटापासून तोडून खाली टाकावा. "तूच भरव," त्या म्हणाल्या आणि वाटी सुनेकडे सरकवली. "मला नाही जमायचं."

सुनेनं घास केला. टिटवीनं तो हातानं उडवला. भात चादरीवर पडला. मग टिटवीनं असा सूर लावला की खालचं यंत्र क्षणभर ऐकू येईना. सासू-सून दोघी त्या उघड्या लालभडक तोंडाकडे बघत बसल्या. सुनेनं बॅग उचलली. पण तिनं ती फक्त पलंगावरून खाली ठेवली, जागा केली, आणि सासूच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, येऊन बसली. वाटी बाईंच्या हातात दिली.

"भरवा आई. उपाशी राहील ती."

"तुला मळमळेल."

"मळमळू दे."

बाईंनी घास उचलला. टिटवीनं तो बोटांसकट तोंडात घेतला, मिटक्या मारल्या, आणि पेरांना लागलेला भात जिभेनं चाटून घेतला. सुनेचा घसा एकदा वर गेला, खाली आला. चेहऱ्यावर घाम फुटला, ओठांभोवती पिवळं पडलं. बाई बघत होत्या. सून बघतेय हे बघत होत्या. टिटवीनं पुन्हा तोंड उघडलं. सुनेनं तोंडावर पदर धरला, पण ती उठली नाही.